सेवकाने माहिती द्यावी, वजन टाकू नये



गेल्या पंधरवड्यात ऊसबिलाच्या निमित्ताने पाच-दहा सभासद गट ऑफिसच्या कट्ट्यावर बसले होते. बोलता बोलता गोष्ट सरकारी साहेब लोकांवर गेली. एक जण म्हणाला, "साहेब शेतकऱ्याचाच पोरगा आहे. त्यानं आपल्या बाजूनं मुंबईत थोडं वजन टाकलं, चार आमदारांना फोन केले, तर बिघडलं कुठं?" दुसऱ्याने मान डोलावली. तिसरे वयाने मोठे होते, ते एवढेच म्हणाले, "आज आपल्या बाजूनं पडलेलं वजन उद्या दुसऱ्याच्या बाजूनं पडलं, तर मग कुणाकडं जाणार?" त्यावर कोणी काही बोलले नाही. चहा आला आणि विषय मोडला.

विषय मोडला तरी प्रश्न मिटला नाही. सरकारी सेवकाने किंवा सरकारी खात्याने कायदे करणाऱ्यांवर वजन टाकावे काय, टाकले तर कुणाच्या पैशाने, आणि त्याला मर्यादा कोणती? हा प्रश्न दिल्ली-मुंबईचा वाटतो, पण तो आपल्या वजनकाट्यापर्यंत येऊन पोचतो. म्हणून आज थोडा सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ करून घेऊ. वजन टाकणे हे मुळात पाप नव्हे. आपण शेतकरी एकत्र येतो, निवेदन लिहितो, आमदार-खासदारांना भेटतो, मोर्चा काढतो. उसाच्या दरासाठी, पाण्यासाठी, विजेसाठी आपले संघ आणि संघटना सरकारदरबारी जातात. याला इंग्रजीत लॉबिंग म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची पडवी. तिथे उभे राहून लोकप्रतिनिधीला गाठायचे आणि आपले म्हणणे त्याच्या गळी उतरवायचे, यावरून तो शब्द आला. नागरिकाचा तो हक्कच आहे. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमाने बोलण्याचे आणि संघटना करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे.

पण नागरिक आणि सरकारी सेवक यांत फरक आहे. नागरिक स्वतःच्या खिशातले एस.टी.चे भाडे भरून मुंबईला जातो. सेवक जातो तो सर्वांच्या पैशाने जातो. त्याच्या हाती कागद आहे, शिक्का आहे, गाडी आहे, आणि लोकांना अडवायची ताकदही आहे. त्या ताकदीनिशी तो एका बाजूला उभा राहिला, की तराजूचा काटाच एका पारड्यात बसल्यासारखे होते. मग तोलायचे कशाने?

ही गोष्ट फार पूर्वी ज्यांच्या ध्यानात आली त्यांत अमेरिका एक. तिकडे १९१९ साली, पहिले महायुद्ध नुकतेच संपले असताना, त्यांच्या संसदेने म्हणजे काँग्रेसने एक कलम मंजूर केले. त्याचा मतलब असा, की काँग्रेसने मंजूर केलेल्या पैशातला एकही भाग स्पष्ट परवानगी नसताना पगार, जाहिरात, तार, टेलिफोन, पत्र किंवा छापील मजकूर यांवर अशा रीतीने खर्च करायचा नाही, की ज्यातून काँग्रेसच्या सभासदावर एखाद्या विधेयकाबाबत दडपण येईल. कारण काय घडले होते? खात्यांचे प्रमुख देशभर पत्रे आणि तारा पाठवून लोकांना सांगत होते, की तुमच्या प्रतिनिधीला लिहा आणि आमच्या खात्याला जास्त पैसे मंजूर करून घ्या. प्रतिनिधींच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडायचा. वरून दिसायचे जनतेचे मत, आत बोलायचे खाते. आयोवा राज्याचे प्रतिनिधी गुड यांनी हा प्रकार सभागृहात मांडला आणि तो बंद व्हावा म्हणून हे कलम आहे असे सांगितले.

त्या कलमात शहाणपणाची एक सूट ठेवली होती, ती आपण नीट लक्षात घ्यावी. प्रतिनिधीने विचारले तर अधिकाऱ्याने उत्तर द्यावे. आपल्या कामाला कायदा वा पैसा लागत असेल तर रीतसर, वरिष्ठांच्या मार्गाने, मागणी करावी. म्हणजे अधिकाऱ्याच्या तोंडाला कुलूप घातलेले नाही. समोरच्या दाराने या आणि नाव सांगून बोला, असे म्हटले आहे. मागच्या दाराने लोकांना भडकवून त्यांच्या तोंडून स्वतःचे बोलणे वदवू नका, एवढीच अट. सुरुवातीला या कलमाखाली दंड, एक वर्षापर्यंत कैद आणि नोकरीवरून काढणे अशी शिक्षा होती. २००२ साली फौजदारी शिक्षा काढून दिवाणी दंड ठेवला. पुढे १९३९ साली हॅच कायदा आला. त्याने केंद्र सरकारच्या सेवकांना पक्षाच्या निवडणूक प्रचारात पडायला मनाई केली. शिवाय १९५१ पासून खर्चमंजुरीच्या कायद्यांत अटी घालायला सुरुवात झाली, की हा पैसा प्रचारबाजीवर खर्च करू नये.

कायदा असला म्हणजे लगेच सगळे सरळ होतात असे नाही. १९१९ च्या कलमाखाली खटला चालून कुणाला शिक्षा झाल्याचे उदाहरण नाही. पण हिशेब तपासणारा जागा असेल तर निदान चूक चव्हाट्यावर येते. याचा दाखला आपल्यासारख्या शेतकऱ्यांशीच संबंधित आहे, म्हणून तो सांगतो.

२०१४ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने, तिथल्या लष्करी अभियंता दलाच्या जोडीने, एका नियमाचा मसुदा काढला. कोणत्या पाण्यावर केंद्र सरकारचा अधिकार चालेल, नदी, ओढा, पाणथळ जागा यांपैकी काय काय त्यात येईल, हे ठरवणारा तो नियम. शेतकरी संघटना खवळल्या. त्यांचे म्हणणे, आमच्या बांधाकडेचा चर आणि पावसाळ्यात पाणी साचणारी खोलगट जागाही यात ओढली जाईल, आणि प्रत्येक कामाला परवानगी मागत बसावे लागेल. खात्याचे म्हणणे, नेहमीच्या शेतीकामाला सूट आहे, तुम्ही उगाच भीता. वाद खरा होता. पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे ही गोष्टही खरी आणि शेतकऱ्याची धास्तीही खरी. अशा वेळी खात्याने आपले म्हणणे लोकांपुढे मांडणे यात गैर काही नव्हते.

पण खाते पुढे गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने संगणकावरची एक युक्ती वापरली. एक तयार संदेश लिहिला. स्वच्छ पाणी मला महत्त्वाचे वाटते आणि या खात्याच्या प्रयत्नांना माझा पाठिंबा आहे, अशा अर्थाचा. सुमारे ९८० लोकांनी तो आपल्या नावाने पाठवायला संमती दिली, आणि ठरल्या घटकेला तो एकदम सगळ्यांच्या खात्यांवरून सुटला. अंदाजे १८ लाख लोकांपर्यंत तो जाऊ शकत होता. वाचणाऱ्याला वाटावे, आपला शेजारीच बोलतो आहे. लेखक मात्र सरकारी खाते होते, आणि संदेशात ते कुठेच दिसत नव्हते.

दुसरी गोष्ट. खात्याच्या एका लेखात बाहेरच्या संस्थांच्या पानांकडे जाणारे दुवे दिले होते. त्या पानांवर वाचकांना आवाहन होते, की तुमच्या लोकप्रतिनिधीला सांगा आणि या नियमाला आडवे येणारे विधेयक हाणून पाडा. म्हणजे आवाहन दुसऱ्याचे, पण वाट दाखवणारा हात खात्याचा.

अमेरिकेत काँग्रेसच्या वतीने सरकारी खर्च तपासणारे एक कार्यालय आहे. आपल्याकडच्या महालेखापरीक्षकांसारखे म्हणा. त्याने १४ डिसेंबर २०१५ रोजी निकाल दिला, की तयार संदेशाचा प्रकार हा छुपा प्रचार होता, आणि ते दुवे देणे हे लोकांकरवी काँग्रेसवर दडपण आणण्याच्या मनाईचा भंग होता. मंजूर नसलेल्या कामावर पैसा खर्च झाला, त्याचा अहवाल राष्ट्राध्यक्षांना आणि काँग्रेसला द्या, असेही सांगितले. खात्याने हा निष्कर्ष मान्य केला नाही, ते वेगळे.

त्या निकालातली सर्वांत मोलाची गोष्ट मला ही वाटते. खात्याने आपले नाव घालून जो प्रचार केला होता, शेतकरी संघटनांच्या म्हणण्याला उघड उत्तरे दिली होती, तो भाग तपासनिसांनी गैर ठरवला नाही. नाव घालून बोललात, चालेल. नाव लपवून दुसऱ्याच्या तोंडून बोललात, चालणार नाही. बाजू मांडलीत, चालेल. लोकांना प्रतिनिधींच्या अंगावर सोडलेत, चालणार नाही. रेघ इतकी स्वच्छ आहे. त्या नियमाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. २०१५ मध्येच न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, २०१९ साली तो रद्द केला गेला, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात पाणथळ जागांवरचा केंद्राचा अधिकार बराच आखडता केला. त्यात कुणाचे बरोबर हा आजचा विषय नाही. नियम चांगला असो वा वाईट, तो पुढे रेटण्याची रीत सरळ हवी, एवढाच मुद्दा.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे लॉबिंगचा वेगळा कायदा नाही, पण रेघ आहे. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत आणि आपल्या राज्याच्या सेवकांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आहेत. केंद्राच्या नियमांत पाचवा नियम राजकारण आणि निवडणुकांचा. सेवकाने पक्षाचे सभासद होऊ नये आणि विधिमंडळाच्या वा स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत प्रचार करू नये. मत देण्याचा हक्क त्याला आहे, पण मत कुणाला देणार वा दिले हे त्याने दाखवू नये. विसावा नियम तर आपल्या गावच्या भाषेत वशिल्याचा नियम आहे. स्वतःच्या नोकरीतल्या गोष्टींसाठी सेवकाने वरिष्ठांवर राजकीय वा बाहेरचे वजन आणू नये. बदलीसाठी आमदारांची चिठ्ठी घेऊन फिरणारे साहेब आपण पाहिले आहेत. तो नुसता वाईट रिवाज नाही, नियमाचा भंग आहे. पण तशी चिठ्ठी मागायला कधी कधी आपणच साहेबांबरोबर जातो, हेही कबूल करू.

उमेदवाराच्या बाजूनेही कायदा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाच्या सातव्या पोटकलमाप्रमाणे राजपत्रित अधिकारी, पोलीस आणि महसूल अधिकारी अशांचे साहाय्य उमेदवाराने निवडणूक जिंकण्यासाठी घेणे हा भ्रष्टाचार ठरतो. याच पोटकलमाने साऱ्या देशाला हलवले. १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीवर राज नारायण यांनी अर्ज केला. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड रद्द केली. कारणे दोन. पंतप्रधान सचिवालयातले विशेष अधिकारी यशपाल कपूर यांचा राजीनामा मान्य होऊन प्रसिद्ध होण्याआधीच त्यांची प्रचारात मदत घेतली गेली, आणि सभांची व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांची व्यवस्था सरकारी अधिकाऱ्यांनी केली. पुढे कायदा बदलला गेला आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली. कुणाला पहिला निकाल पटतो, कुणाला दुसरा. पण सरकारी सेवकाच्या काही दिवसांच्या कामावरून देशाच्या पंतप्रधानांना न्यायालयात उत्तर द्यावे लागले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण आपला काय संबंध? इथेच खरी गोम आहे. हे सगळे नियम सरकारी सेवकाला लागू होतात. आपल्या कारखान्याचा सेवक हा सरकारी सेवक नव्हे. पाचव्या नियमात विधिमंडळाचे नाव आहे, स्थानिक संस्थेचे नाव आहे. सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीचे नाव नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर सहकारी संस्थांच्या निवडणुकांसाठी राज्यात स्वतंत्र प्राधिकरण आले, मतदान आणि मोजणी त्याच्या देखरेखीखाली होते. पण निवडणुकीआधी चार महिने आपल्या बांधावर काय चालते, ते प्राधिकरणाला कसे दिसणार?

काय चालते ते मी सांगायला नको. चिटबॉय बांधावर येतो. लागणीची नोंद त्याच्या वहीत, तोडीची तारीख त्याच्या तोंडात. तो सहज म्हणतो, "अण्णा, ह्या खेपेला आपल्या पॅनेलकडं ध्यान असू द्या." बस्स, एवढेच. धमकी नाही, दमदाटी नाही. पण अण्णाच्या डोळ्यांपुढे फडातला ऊस उभा राहतो. अठरा महिने झालेले, तुरे आलेले, रोज वजन घटते आहे. टोळी आज आली तर चार पैसे, महिन्याने आली तर सरपण. अण्णा काय म्हणणार? "बरं बरं, बघू." गुप्त मतदान मतपेटीत गुप्त राहते हो, पण धास्ती बांधावरच घातली जाते.

यात त्या चिटबॉयला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. त्याच्यावर शेतकी खात्यातला कोणीतरी असतो, त्याच्यावर आणखी कोणी. ना म्हणावे तर नोकरी जाईल, हो म्हणावे तर गावात तोंड दाखवायला नको. म्हणून मी म्हणतो, मर्यादेचा नियम सभासदाच्या रक्षणाचा तर आहेच, सेवकाच्याही रक्षणाचा आहे. "साहेब, नियम आहे, मला बोलता येत नाही," असे म्हणायला त्याला एक आधार मिळतो. तो आधार आपण द्यायला हवा.

आणि दुसऱ्याला सांगताना स्वतःकडेही बोट करावे. हे पत्रक, जे तुमच्या हातात आहे, ते तुमच्याच पैशाने छापले जाते. यात गाळपाचे आकडे यावेत, उतारा का घटला ते यावे, नवीन वाणाची माहिती यावी, संचालक मंडळाने काय ठरवले तेही यावे. ते सांगणे कर्तव्य आहे. पण निवडणूक जाहीर झाल्यावर याच पत्रकात एका बाजूचे फोटो आणि दुसऱ्या बाजूची निंदा छापली गेली, तर ते आणि त्या अमेरिकन खात्याचा तयार संदेश यांत फरक काय राहिला? कारखान्याच्या कचेरीतून सभासदांच्या मोबाईलवर "एका सभासदाचे मनोगत" म्हणून निनावी मजकूर सुटला, तर तेही तेच.

काही जण म्हणतील, अशा नियमाने सेवक गप्प बसतील आणि खरे बोलणारा माणूसही दबून जाईल. हा आक्षेप खोटा नाही. म्हणून नियम अरुंद असावा. काट्यात खोट आहे असे ज्या सेवकाला दिसते त्याने ते लेखी सांगितलेच पाहिजे. कामगारांच्या युनियनने पगारवाढ मागावी, तो त्यांचा हक्क आहे. शेतकी अधिकाऱ्याने सभेत उभे राहून, नाव घेऊन, अमुक धोरणाने एकरी टनेज घटेल असे सांगावे, मग ते संचालकांना आवडो न आवडो. मनाई फक्त एकाच गोष्टीला हवी. संस्थेच्या अधिकाराने आणि संस्थेच्या पैशाने सभासदाच्या मतावर वजन टाकणे.

दुसरे कोणी म्हणतील, आमचे पॅनेल चांगले आहे, चांगल्या कामासाठी थोडे वजन पडले तर पडू द्या. त्यांना कट्ट्यावरच्या त्या वडीलधाऱ्यांचाच प्रश्न विचारतो. वजन टाकायची सवय एकदा लागली, की ते कुठल्या पारड्यात पडेल ते तुमच्या हाती राहत नाही. पॅनेल बदलते, वही तीच राहते.

तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे विचारासाठी चार गोष्टी मांडतो. एक, निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत कारखान्याच्या कोणत्याही सेवकाने कोणत्याही पॅनेलचा प्रचार करू नये. स्वतः सभासद असेल तर त्याने मत खुशाल द्यावे. दोन, कारखान्याची वाहने, विश्रामगृह, छपाई, सभासदांच्या फोनची यादी आणि हे पत्रक यांचा प्रचारासाठी वापर होऊ नये. तीन, तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा आणि त्यात बदल केला तर कारण लेखी द्यावे. चार, संस्थेकडून जो मजकूर सभासदांकडे जाईल, त्यावर तो कुणी लिहिला ते नाव असावे.

यांतली तिसरी गोष्ट झाली तर निम्मे काम झाले असे समजा. तोडीची तारीख फळ्यावर लागली, की वहीतले वजन आपोआप उतरते. मग चिटबॉय बांधावर आला तर तो खताचे, पाण्याचे, खोडकिडीचे बोलेल, आणि अण्णाही त्याला मोकळ्या मनाने चहा पाजेल.

ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. सूचक म्हणून मी उभा राहीन. अनुमोदन तुमच्यापैकी कोणीतरी द्यावे, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी त्याच सभेत, नाव सांगून, उलट बाजू मांडावी. मला त्याचाही आनंदच होईल.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद